मनकर्णाबाईंचं वऱ्हाड

मुकुंदाने मनकर्णाबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका गादीला बडवत होत्या.

एकोणीसशे अडुसष्ट साल, दसरा नुकताच होऊन गेलेला. नागपुरात, जुन्या शुक्रवारीत, तलावाच्या अंगाला एक मंगल कार्यालय होतं. त्याच्या पुढच्या ओट्यावर गाद्या ओळीने उन्हात टाकल्या होत्या आणि हातात वेताची छडी घेऊन एक उंच, सडपातळ बाई त्यांच्यावर तुटून पडली होती. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, कपाळ रिकामं, नाकावरून रुमाल बांधलेला. धूळ उडाली की बाई दोन पावलं मागे सरत, बसली की पुन्हा पुढे. गेल्या उन्हाळ्यात त्या गादीवर लोळून गेलेल्या एकेका व्याह्याचा राग त्या काढत असाव्यात असं मुकुंदाला वाटलं, आणि डोक्यावर ट्रंक असूनही त्याला हसू फुटलं.

छडी थांबली. “हसतो काय गा? गादी धर.”

मुकुंदाने ट्रंक खाली ठेवली आणि गादीचं दुसरं टोक धरलं. सगळ्या गाद्या झटकून आत लागल्या तेव्हा बाईंनी त्याला गुळाचा चहा दिला आणि मग विचारलं, की ट्रंक घेऊन कुठं निघालास. मुकुंदाने का निघालो ते सांगितलं, कुठं ते सांगता येईना. त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

तो मौद्याकडच्या एका खेड्यातला, बाविशीतला पोरगा. कापडगिरणीत मागावर होता. बजेरियात एका खोलीत सहा जण राहत, आणि अंथरुणं मात्र तीनच. दिवसपाळीचा पोरगा रात्री ज्या अंथरुणावर झोपे, त्याच अंथरुणावर रातपाळीचा सकाळी येऊन पडे. अंथरूण कधी गार होत नसे. गिरणीतली बरीच पोरं अशीच राहत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण त्या वर्षी गणपती उठले आणि फ्लू बसला. साऱ्या जगभर ही साथ पसरली आहे, असं पेपरात रोज येई. बजेरियातल्या खोलीत पहिला ताप आला आणि सगळं गणितच मोडलं. दिवसपाळीवाला तापाने फणफणून अंथरुणावरच राहिला, मग रातपाळीवाल्याने पडायचं कुठं? तो गल्लीत, पिंपळाच्या पारावर झोपू लागला. शेजाऱ्यांनी ओरड केली, घरमालक आला, दारात उभं राहूनच त्याने सांगितलं, की खोली आजच्या आज खाली करा, मले माह्यी लेकरंबाळं हाय.

मनकर्णाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. “बाकीचे पाच कुठी हाय?” एवढंच त्यांनी विचारलं.

“दोघं गावाले गेले. तिघं तिकडं पारावरच हाय. एकाले ताप हाय अजून.”

“मंग बसला काहून? घेऊन ये त्याइले.”

मनकर्णाबाई त्या कार्यालयाची राखण करत. त्यांचा नवरा बिछायतीच्या कामावर होता, मांडव घालता घालता बांबूवरून पडून गेला. मूलबाळ नव्हतं. कार्यालयाचे मालक बाबाराव यांनी मागची खोली त्यांना राहायला दिली आणि किल्ल्या हाती सोपवल्या. तेव्हापासून त्या कार्यालयात लागलेल्या प्रत्येक लग्नाची पातेली, पराती, समया, पाट, सगळं त्यांच्या कोठीघरातून निघे आणि मोजून परत तिथेच येई. पण एकही लग्न त्यांनी समोर उभं राहून पाहिलं नव्हतं. विधवेने मंगलकार्यात पुढे येऊ नये, हा नियम त्यांना कुणी घातला नव्हता, त्यांनी स्वतःच पाळला होता. मंगलाष्टकं सुरू झाली की त्या कोठीघराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहत आणि अक्षता आतल्याच एका पाटावर टाकत.

चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालय रिकामं. वरपक्षासाठी बांधलेला लांबलचक जानवसा, त्यातल्या गाद्या, मागचं न्हाणीघर, विहीर, सगळं कुलपात. मनकर्णाबाईंनी त्या संध्याकाळी जानवशाचं कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाबारावांकडे सांगायला गेल्या, विचारायला नव्हे. बाबाराव काही वाईट माणूस नव्हते, फक्त भित्रे होते. बराच वेळ ते पानाची डबी उघडत-मिटत राहिले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण तुळशीच्या लग्नानंतर पहिलाच मुहूर्त सावनेरच्या नानाजींच्या मुलीचा आहे. त्या दिवशी सकाळी कार्यालय धुऊन-पुसून रिकामं पाहिजे. एक जरी पोट्टा आत सापडला, तर त्याच्यासोबत तुमचंही बोचकं बाहेर.

मनकर्णाबाईंनी शब्द दिला.

बातमी कशी पसरते कोण जाणे. चार दिवसांत गिरणीतले आणखी दोघं आले. मग एके दुपारी सायकलरिक्षातून दोन वेगळेच पाहुणे उतरले. एक उंचापुरा, काळाभोर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला. त्याचं नाव ओमोंडी, केनियाहून इंजिनियरिंग शिकायला आलेला. दुसरा त्याच्या खांद्यावर मान टाकून बसलेला, अंगावर शाल, डोळे तापाने लाल. तो भिवाजी, मॉरिशसचा. त्यांचं वसतिगृह साथीमुळे बंद झालं होतं. सगळ्या मुलांना घरी जा म्हणून सांगण्यात आलं, ती गेली. यांची घरं समुद्रापलीकडे. धंतोलीत एका घरी खोली मिळाली होती, पण भिवाजी खोकू लागला आणि मालकिणीने सामान व्हरांड्यात काढून ठेवलं. फ्लू परदेशातून आला, ही पोरंही परदेशातून आली, तिने दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या.

मनकर्णाबाई ओमोंडीकडे मान वर करून पाहत राहिल्या. असा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग त्यांची नजर शालीतल्या पोराकडे गेली. तो डोळे न उघडता हलक्या आवाजात म्हणाला, “आयो, पानी देशील?”

मॉरिशसमधल्या मराठी घरात त्याची आजी अशी बोलत असे. कोकणातून तिचे आजे-पणजे उसाच्या मळ्यांवर गेले, तेव्हाची भाषा तिच्या तोंडी होती. मनकर्णाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. इतक्या लांबून आलेला पोर आपल्याला आई म्हणतो, एवढंच त्यांना समजलं, आणि त्या पाण्याला धावल्या.

मग महिनाभर त्या कार्यालयाने कधी नव्हे ते दिवस पाहिले. लग्नाच्या मोठ्या पातेल्यात आठ पोरांची खिचडी तळाशी कुठेतरी हरवून जाई. ताप असलेल्यांना मनकर्णाबाईंनी नवरीच्या खोलीत वेगळं ठेवलं, कारण तिला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या. निरगुडीचा पाला घालून पाणी उकळायचं, त्याची वाफ घ्यायची, भांडी राखेने घासून उन्हात पालथी घालायची; हे त्यांचे कायदे. रातपाळीची पोरं दिवसा झोपली की अंगणात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. ओमोंडी विहिरीचं पाणी शेंदू लागला की गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बसत आणि बादल्या मोजत. दिवाळीला मनकर्णाबाईंनी अनारसे केले. ते तुपात विरघळून गेले. पोरांनी तो चुरा चमच्याने खाल्ला आणि भिवाजीने, तेव्हा तो उठून बसू लागला होता, गंभीरपणे सांगितलं की मॉरिशसला अनारसे असेच असतात.

आणि रोज संध्याकाळी सगळे खोल्या शोधायला बाहेर पडत. मुकुंदाला त्या संध्याकाळी पुढे कित्येक वर्षं आठवत राहिल्या. गणेशपेठ, महाल, इतवारी, सीताबर्डी. दारावर खोली भाड्याची पाटी असे. आतून पहिला प्रश्न येई, फॅमिली आहे का. नाही म्हटलं की सडाफटिंगांना देत नाही. गिरणीत आहे म्हटलं की पाळीवाले रात्री-बेरात्री येतात. आणि कुणी एखादा खोकला, की दार लागलंच. मनकर्णाबाईसुद्धा डोक्यावर पदर घेऊन ओळखीच्या घरी जाऊन आल्या. लोकांनी त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं, खोली दिली नाही.

असा तो दिवस उजाडला.

पहाटेपासून कार्यालयात धूम होती. आचारी आला, चुली पेटल्या, केळीचे खांब आले, बिछायतवाल्यांनी मांडवाला झालर लावली. मनकर्णाबाईंनी पोरांना आंघोळी घालायला लावल्या, दिवाळीचे धुतलेले कपडे घालायला लावले. सगळ्यांनी मिळून जानवसा धुऊन काढला, गाद्यांवर पांढऱ्या चादरी ओढल्या, लोड ठेवले. ट्रंका, होल्डॉल, ओमोंडीची चामड्याची बॅग भिंतीशी ओळीने लागली. सकाळी यायचा हातठेला दुपार झाली तरी आला नव्हता. त्यावर सामान टाकून स्टेशनवर जायचं, थर्ड क्लासच्या मुसाफिरखान्यात दोन-चार दिवस काढायचे, मग पाहू, असं ठरलं होतं. भिवाजीचा ताप उतरून पंधरवडा झाला होता, पण खोकला होता, आणि स्टेशनवरची रात्रीची थंडी त्याला झेपणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

मनकर्णाबाई कोठीघरात शिदोरी बांधत होत्या. पोरं भांग पाडून, हात गुडघ्यांवर ठेवून, आपापल्या सामानाशेजारी गादीच्या कडेला बसली होती. ठेल्याची वाट पाहत.

तेवढ्यात दारात बाजा वाजला.

नानाजी सावनेरचे कापसाचे व्यापारी, पण निम्मी भावकी नागपुरात. त्यांचा जावई भिलाईला इंजिनियर. वऱ्हाड दुपारच्या गाडीने येणार आणि थेट जानवशात उतरणार हे कळवलेलं होतं. वधूपक्षाची मंडळी जरा उशिरा निघाली होती आणि वऱ्हाड येऊन पोचलं तर आपली काय शोभा राहील, या धास्तीने रस्ताभर धावत आली होती. सर्वांत पुढे नवरीची आत्या, प्रयागबाई. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात टपोरी नथ. घराण्यातलं कुठलंही लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे, आणि लागलं असतं तरी त्यांनी ते मानलं नसतं.

प्रयागबाईंनी जानवशात पाऊल टाकलं. समोर न्हाऊन-धुऊन, नवे कपडे घालून, सामानासकट बसलेले तरुण पुरुष. वऱ्हाड! आधीच आलं, आणि बिचारं निमूट बसून आहे, ना चहा ना पाणी. बायका मागच्या टांग्यांनी येत असतील. त्यांची नजर ओमोंडीवर क्षणभर अडखळली, पण मागून नवरीच्या मामांनी कानात सांगितलं, की भिलाईला परदेशातले इंजिनियर असतातच, जावयाचा साहेब असेल. मग काय विचारता. मामा दोन्ही हात पसरून पुढे झाले आणि त्यांनी सर्वांत आधी साहेबालाच कडकडून मिठी मारली.

नानाजींच्या घराण्याची एक चाल होती. वऱ्हाडातल्या नुसत्या नवरदेवाचे नव्हे, लहानथोर प्रत्येकाचे पाय मुलीची आत्या स्वतः धुते. पितळी परात आली, कोमट पाण्याचा गडवा आला. प्रयागबाई खाली बसल्या आणि ओळीने पाय धुवायला लागल्या. मागून एक सुवासीण कपाळाला कुंकू लावी, दुसरी गुलाबपाणी शिंपडे. बाजेवाले जोरात होते. ओमोंडी आणि भिवाजी आनंदाने एकमेकांकडे पाहत होते. त्यांची समजूत अशी, की मनकर्णाबाईंनी आपल्याला निरोप द्यायला ही सगळी तयारी केली आहे, या मुलखात पाहुण्याला असाच निरोप देत असतील. ओमोंडीने बूट काढून पाय पुढे केला तेव्हा तो परातीत मावेना, तर प्रयागबाईंनी कौतुकाने तो दोन भागांत धुतला.

काय चाललंय हे मुकुंदाला समजत होतं. बोलायला हवं हेही त्याला कळत होतं. पण आत कुठेतरी त्याला वाटत होतं, चालू दे, अजून जरा वेळ चालू दे. बजेरियाच्या मालकाने खोलीतून काढल्यापासून कुणा परक्याने त्याच्याकडे इतक्या मानाने पाहिलं नव्हतं. परात त्याच्यापुढे आली. त्याने पाय मागे ओढला. प्रयागबाईंनी घोटा धरून तो पुढे घेतला. “लाजता काहून? आमच्या घरची चालच हाय तशी.”

गरम पाणी पायावर पडलं, आणि मुकुंदाने मान वर केली तेव्हा त्याला मनकर्णाबाई दिसल्या. त्या कोठीघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात शिदोरीचं फडकं. परातीकडे, कुंकवाकडे, पोरांकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्यांचा चेहरा आधी हसल्यासारखा झाला, मग पांढरा पडला. आणि मग मनकर्णाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. रिकाम्या कपाळाने, सगळ्या सुवासिनींच्या मधून, सरळ परातीपाशी.

“थांबा बाई,” त्या म्हणाल्या. “हे वऱ्हाड नाही.”

बाजेवाल्यांचं सुरूच होतं. मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मंग हे कोण होय?” प्रयागबाईंच्या हातातला गडवा तसाच तिरपा होता.

“माह्ये पोट्टे होय.”

“तुह्ये? इतके?” प्रयागबाईंची नजर ओळीवरून फिरत ओमोंडीवर थांबली. “हा बी?”

“हा बी.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मनकर्णाबाईंनी मग सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ही पोरं तापातून उठलेली आहेत, शेवटचा ताप उतरून पंधरवडा झाला, या एकाला अजून खोकला आहे; हे सांगितल्याशिवाय तुमच्या हातचं पाणी त्यांच्या पायावर पडू देणं मले बरं वाटलं नाही, असं त्या म्हणाल्या. फ्लूचं नाव निघताच बायका दोन पावलं मागे सरल्या. कुंकवाची वाटी घेतलेली तर दारापर्यंत गेली.

बाबाराव नेमके तेव्हाच नानाजींसोबत आले. मुहूर्ताच्या दिवशी जानवशात पोरं पाहून त्यांचा चेहरा उतरला. नानाजींची हात जोडून माफी मागत त्यांनी मनकर्णाबाईंना सांगून टाकलं, की शब्द मोडला, आता या पोट्ट्यांसोबत तुम्हीही निघा. मनकर्णाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि पुढे केली. पोरं उठून उभी राहिली. मुकुंदाने ट्रंकेची कडी धरली.

“बसा,” प्रयागबाई म्हणाल्या.

त्या संतापल्या होत्या. नथ थरथरत होती. पण संताप नेमका कुणावर काढावा हे त्यांचं ठरत नव्हतं. त्या आधी मामांकडे वळल्या. “तुह्ये डोये कुठी होते गा? चालला मिठ्या माराले.” मग बाबारावांकडे. “अन् तुम्ही बाबारावजी, याइले हाकलून राहिले. मी आत्ताच याइचे पाय धुतले. मी धुतलेले पाय रस्त्यावर जातीन काय?”

बाबाराव चाचरत म्हणाले, की ती तर चूक झाली.

“चूक झाली ते माह्यी झाली. पाय तर धुतल्या गेले ना? आमच्या घरी ज्याचे पाय धुतले तो वऱ्हाडी. त्याची पंगत झाल्याशिवाय, त्याची बोळवण झाल्याशिवाय तो जानवशातून उठत नसते. उठला तर पोरीच्या संसाराले दोष.” आणि मनकर्णाबाईंकडे न पाहता, “तू बी किल्ली ठेव वं कमरेले. आचाऱ्याले मोठी कढई पाहिजे, तो कवाचा बोंबलून राहिला.”

बहिणीने एकदा चालीरीतीचं नाव घेतलं की मध्ये बोलायची नानाजींच्या घरी पद्धत नव्हती. खोकणाऱ्या भिवाजीला पुन्हा खिडक्यांच्या खोलीत निजवायचं, एवढा एकच बदल झाला, आणि तो मनकर्णाबाईंनीच सुचवला. नवरीची खोली अशी गेल्याने तिला मामांच्या घरी नटवून आणलं.

गाडी रखडली, आणि खरं वऱ्हाड दिवे लागता लागता आलं. दोन टांगे भरतील एवढीच माणसं उतरली. भिलाईतही साथ होती. नवरदेवाचे काका, मावसभाऊ, सगळे मित्र अंथरुणाला खिळलेले. नवरदेवाचे वडील शरमून म्हणाले, लग्न पुढं ढकलणार होतो, पण मुहूर्त मोडू नये म्हणून आलो. इकडे नानाजींनी दोन-अडीचशे पानांची तयारी केलेली. नवरदेव देवदर्शनाला निघायचा, तर त्याच्या घोड्यापुढे चालायला माणूस नाही.

मग जी धमाल उडाली, तिला तोड नाही. गिरणीतली पोरं घोड्यापुढे नाचत निघाली. रातपाळीची सवय त्या दिवशी कामी आली, ती दमलीच नाहीत. ओमोंडीने नवरदेवावर छत्री धरली आणि शुक्रवारीतल्या प्रत्येक घराच्या खिडकीत माणसं जमली. मारुतीच्या देवळापुढे त्याने आपल्या मुलखातला एक नाच करून दाखवला. बाजेवाल्यांनी दोन-तीन प्रयत्नांत त्याचा ठेका पकडला, आणि नवरदेवाचे वडील, मघाशी शरमेने मान खाली घातलेले, टोपी हातात घेऊन त्या ठेक्यावर नाचू लागले. पंगतीत पोरं वरपक्षाकडून जेवायला बसली आणि दुसऱ्या पंगतीला वधूपक्षाकडून वाढायला उभी राहिली. मुकुंदाने जिलबीची परात घेतली. प्रयागबाईंच्या पानात तो वाढायला गेला तर त्या म्हणाल्या, वऱ्हाड्याने वाढायचं नसते, आणि पान पुढे सरकवून तीन जिलब्या घेतल्या.

मंगलाष्टकांच्या वेळी मुकुंदाने कोठीघराकडे पाहिलं. मनकर्णाबाई पुन्हा उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या होत्या. अक्षता त्यांनी आतूनच टाकल्या. दुपारी त्या बाहेर आल्या होत्या ते बोलायला, आणि बोलून झालं होतं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी बोळवणीच्या वेळी आली. भिलाईची मंडळी स्टेशनकडे गेली. मग प्रयागबाई पोरांसमोर उभ्या राहिल्या. शेजारी शिदोरीच्या पुरचुंड्यांची टोपली. त्यांच्या घराण्यात वऱ्हाडी माणसाला त्याच्या स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचा असे, त्याशिवाय बोळवण पूर्ण होत नसे. त्यांनी पहिली पुरचुंडी उचलली. समोर मुकुंद होता.

“तुह्यं घर कुठी हाय?”

मुकुंदाला गावाचं नाव सांगता आलं असतं. पण गावाला जायचं म्हणजे गिरणी सुटणार, हे त्याला माहीत होतं. “बजेरियात होतं,” तो म्हणाला. “आता नाही.”

पुढच्याला विचारलं, त्याचंही तेच. ओमोंडीने विचार करून पश्चिमेकडे की दक्षिणेकडे असा हात केला आणि मग तो खाली घेतला. प्रयागबाई पुरचुंडी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. बोळवण अर्ध्यावर अडकली होती. पोरांना पोचवायला उंबराच नव्हता.

त्या वळल्या. नागपूरची भावकी चपला शोधत होती.

“कोणी जाऊ नका,” प्रयागबाई म्हणाल्या, आणि लग्नघरी पाहुण्यांच्या झोपायच्या जागा वाटतात, तशी त्यांनी पोरं वाटायला सुरुवात केली. मामांची इतवारीत माडी रिकामी होती. साहेब त्यांनी मिठी मारून घेतला होता, तेव्हा साहेब त्यांच्याकडे. नानाजींच्या गांधीबागेतल्या गोदामावर दोन खोल्या होत्या, तिथे मुकुंद आणि पाळीवाले दोघं. एक दूरचे चुलते पुटपुटले, की घरात वयात आलेल्या पोरी आहेत, सडाफटिंग पोट्टा कसा ठेवायचा. प्रयागबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “तू सडाफटिंग होता तवा कोणाच्या घरी राहत होता अन् तिथून काहून निघाला, सांगू काय इथी?” चुलत्यांनी पोराची ट्रंक स्वतः उचलली.

भिवाजीला कुणी पुढे होऊन मागेना. खोकला ऐकून सगळे इकडेतिकडे पाहत होते. प्रयागबाईंनी त्याची शिदोरी आपल्या पिशवीत टाकली. “हा माह्याकडे. तुमच्या कोणाच्या हातानं तो जगाचा नाही.”

सगळ्यांची सोय लागली असं नाही. शेवटच्या दोघांसाठी घर उरलं नाही. ते आपापल्या गावी गेले आणि गिरणीत पुन्हा दिसले नाहीत. मनकर्णाबाई त्यांना एसटीवर सोडायला गेल्या आणि परत येऊन त्यांच्या गाद्या त्यांनी एकटीने झटकल्या. संध्याकाळी त्या किल्ल्या द्यायला बाबारावांकडे गेल्या, कारण काही झालं तरी शब्द मोडला होता. बाबारावांनी किल्ल्या घेतल्या, पानाची डबी उघडली, मिटली आणि किल्ल्या परत दिल्या. सोमवारी दुसरं लग्न होतं, आणि कोठीघरात काय कुठं आहे हे मनकर्णाबाईंशिवाय कुणाला सांगता येत नव्हतं.

मुकुंद गोदामावर सहा वर्षं राहिला. त्याचं लग्न त्याच कार्यालयात झालं. ओमोंडी शिक्षण संपवून मायदेशी गेला. मामा त्याला सोडायला मुंबईपर्यंत गेले होते. भिवाजीचा खोकला महिन्याभरात गेला, पण तो पदवी मिळेपर्यंत प्रयागबाईंच्याच घरी राहिला आणि त्यांच्याकडून अस्सल नागपुरी शिव्या शिकला.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली, मनकर्णाबाई पासष्टीच्या आसपास आहेत. कार्यालयाचं काम त्यांनी गुडघे दुखतात म्हणून तीन-चार वर्षांपूर्वी सोडलं आणि त्या नंदनवनला मुकुंदाच्या घरी, खालच्या खोलीत राहतात. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं या हिवाळ्यात करायचं आहे.